रतामाच्या झुडपाखाली निजलेला सेवक

शास्त्रभाग : पहिले राजे, अध्याय १९, वचने १ ते ८



एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. कर्मेल डोंगरावर सर्व लोकांसमक्ष तो एकटा उभा राहिला, त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला व तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊस पडला. ही गोष्ट आम्ही आनंदाने सांगतो. परंतु पुढचाच अध्याय सांगताना आमचा आवाज थोडा खाली येतो. कारण त्या अध्यायात तोच एलीया ईजबेल राणीच्या धमकीने भिऊन पळतो, आपल्या चाकरास बैर-शेबा येथे मागे ठेवितो, एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून जातो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो.

हा मनुष्य पापात पडला होता काय? नाही. त्याने देवास सोडिले होते काय? नाही. तो थकला होता. जे काम पुष्कळांनी वाटून घ्यावयाचे ते त्याने एकट्याने केले होते, आणि काम संपल्यावर त्याच्या वाट्यास विश्रांती न येता धमकी आली होती.

आता देवाने ह्या थकलेल्या सेवकाशी कसे वर्तन केले ते लक्षपूर्वक पाहा. देवाने त्यास रागे भरले नाही. कर्मेलावरचा विश्वास कोठे गेला, असे विचारिले नाही. प्रथम त्यास झोपू दिले. मग देवदूताने त्यास स्पर्श केला व उठून जेवावयास सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती व पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा निजला. त्याबद्दलही कोणी बोल लाविला नाही. देवदूत दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने पुन्हा भाकरच दिली, आणि पुढची वाट ह्या मनुष्याच्या शक्तीपलीकडची आहे हे आपण होऊन ओळखिले. होरेब डोंगरावरील संभाषण चाळीस दिवसांनंतरचे आहे. आधी झोप, स्पर्श, भाकर व पाणी, उपदेश मागाहून.

आता कोणी विचारील, ह्या शास्त्रभागाचा आमच्या तलासरी-डहाणूशी काय संबंध? आम्ही म्हणतो, फार जवळचा आहे. आमच्या ह्या मुलखात आजही रतामाच्या झुडपाखाली बसलेले सेवक आहेत. त्यांस आपण सिस्टरबाई म्हणतो. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय असो, कासा किंवा डहाणू येथील उपजिल्हा रुग्णालय असो, तेथील तातडीच्या विभागात जी परिचारिका रात्रपाळीस उभी असते, तिच्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. तेथे पुरुष परिचारकही आहेत; जे तिच्याविषयी म्हणू ते त्यांसही लागू समजावे.

तिच्या एका रात्रीचा विचार करा. पावसाळा आहे, भातलावणी चालू आहे. पाड्यावरून सर्पदंश झालेला शेतकरी झोळीत घालून आणिला जातो. त्याच वेळी राष्ट्रीय महामार्गावर दोन गाड्यांची धडक होऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रक्ताने माखलेली माणसे घेऊन येते. एका कोपऱ्यात प्रसूतीच्या वेदनांनी कळवळणारी कोवळी मुलगी आहे. दुसऱ्या कोपऱ्यात कर्जापायी शेतात फवारावयाचे औषध प्यालेला तरुण. डॉक्टर एका रुग्णाजवळ गुंतले की उरलेल्या सर्वांस ही बाईच पाहते. ज्यांस पुढे सिल्वासास किंवा वलसाडास धाडावयाचे त्यांचे कागद हिनेच करावयाचे. आणि जो दगावला त्याच्या आईस सामोरे जाणे बहुधा हिच्याच वाट्यास येते. पहाट होते तेव्हा तिच्या डब्यातली भाकर तशीच राहिलेली असते.

मग ती घरी जाते. घरी सासूसासरे, शाळेची मुले, चूल, पाणी. कित्येक भगिनी कंत्राटावर काम करितात. त्यांस पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हे ठाऊक नसते. कोणाचा नवरा दारू पितो, कोणावर भावाच्या शिक्षणाचे किंवा घराचे कर्ज आहे, कोणाचे मूल तिकडे आजीजवळ वाढते. रुग्णालयाचे ओझे व घराचे ओझे अशी दोन ओझी वेगवेगळ्या खांद्यांवर बसत नाहीत. ती एकाच मनावर बसतात. जी घरी रडू शकत नाही ती कामावर चिडते, आणि जिला कामावर बोलणी बसतात ती घरी मुलांवर हात उगारते.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व आसपासच्या गावांत भूकंपाचे धक्के बसू लागले ते आपण विसरलो नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी मोठा धक्का बसला, घराबाहेर धावताना एक लहान बालिका दगावली, आणि कित्येक कुटुंबांनी थंडीत तंबूत व उघड्यावर रात्री काढिल्या. त्या दिवसांत परिचारिकेचेही घर ह्याच जमिनीवर उभे होते. तिचीही मुले बाहेर निजत होती, आणि त्यांस तेथे सोडून ती कामावर जात होती. पुढे २०२० साली कोविडची साथ आली. तेव्हा घरी आजार नेऊ या भयाने परिचारिका आपल्याच लेकरांस जवळ घेईनाशा झाल्या. संकटात सर्व लोक तिच्याकडे धावतात. तिचे स्वतःचे संकट घेऊन तिने कोणाकडे धावावे?

काही बंधू म्हणतील, "तिला त्याची सवय असते." हा समज खोटा आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अंजली कुलथे नावाच्या परिचारिका गरोदर स्त्रियांच्या कक्षात कामावर होत्या. हल्लेखोर बंदुका घेऊन रुग्णालयात शिरले. कुलथेबाईंनी दारे बंद केली आणि वीस गरोदर स्त्रियांस एका लहानशा खोलीत नेऊन त्यांचे रक्षण केले. त्याच रात्री एकीस प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या, तेव्हा गोळीबार चालू असताही तिला धरून प्रसूतिगृहात पोहोचविले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिकत सांगितली. चौदा वर्षे लोटली तरी ती रात्र सांगण्यासारखी ताजी होती, ह्याचा अर्थ काय? धैर्य म्हणजे भय न वाटणे नव्हे. धैर्याने हात काम करीत राहतात, पण मनास झालेली जखम राहतेच, आणि जखमेस औषध लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव घेऊन आपण परिचारिकांस धडे देतो. त्या १८५४ ते १८५६ पर्यंत क्रिमियाच्या युद्धातील जखमी शिपायांमध्ये राबल्या हे सर्व सांगतात. परंतु तेथून परतल्यावर त्यांची प्रकृती ढासळली व कित्येक वर्षे त्यांस बहुतेक काळ अंथरुणावर व खोलीत काढावा लागला, हे थोडे सांगतात. दिवा हाती धरणाऱ्या स्त्रीच्या अंगीही तेल संपत असते. ते कोणी तरी घालावे लागते.

ह्या थकव्यास पुष्कळ लोक लाजतात म्हणून त्याची लक्षणे सांगतो. झोप येत नाही, किंवा उठवत नाही. अन्नास चव राहत नाही. कामावर जावयाची वेळ आली की छाती धडधडते. पूर्वी ज्याच्या दुःखाने डोळ्यांत पाणी येई त्याच्याजवळ आता मन दगडासारखे राहते. दगावलेल्या रुग्णाचा चेहरा पुनःपुन्हा दिसतो आणि आपलेच चुकले असे वाटत राहते. माणूस एलीयाप्रमाणे सोबत्यास मागे ठेवून एकटा राहू पाहतो. आणि शेवटी एलीयाप्रमाणेच मरण बरे असे म्हणू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आपल्या नव्या यादीत कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या ह्या अवस्थेची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे तर कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून. म्हणजे दोष केवळ माणसात शोधावयाचा नाही, कामाच्या रचनेतही शोधावयाचा.

शास्त्रही हेच सांगते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचा न्याय करीत बसला होता. त्याचा सासरा इथ्रो ह्याने ते पाहिले. त्याने मोशेच्या विश्वासास दोष दिला नाही. कामाच्या वाटणीस दिला. तू झिजशील आणि हे लोकही झिजतील असा इशारा देऊन त्याने हजारांवर, शेकड्यांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमावयास लाविली. साधारण रुग्णालयाच्या कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे माप भारतीय परिचर्या परिषदेने घातले आहे. जेथे जागा रिकाम्या राहतात आणि एकीने तिघींचे काम करावे लागते, तेथे तिला धीर धर म्हणणे पुरत नाही. ग्रामसभेत रस्त्याविषयी व पाण्याविषयी आपण बोलतो. रुग्णालयातील रिकाम्या जागांविषयीही बोलावे. ते इथ्रोचे काम आहे, आणि इथ्रो तर परक्या कुळाचा, मिद्यानाचा याजक होता.

आता आम्ही आपापल्या गावी काय करावे? तीन गोष्टी सांगतो.

पहिली : तिचे ओझे आपण वाढवू नये. सर्पदंश झाला की कित्येक घरी अजूनही आधी भगताकडे नेतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही विषांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात फुकट मिळते, पण ती वेळेवर टोचली तरच उपयोगी पडते. चार तास भगताच्या अंगणात घालवून आपण मरणोन्मुख मनुष्य तिच्या हाती देतो, आणि तो गेला म्हणजे तिच्यावर हात उचलितो! बंधूंनो, उशीर आमचा आणि शिक्षा तिला, हा कोणता न्याय? रुग्णालयातील सेवकांवर हल्ला करणारास महाराष्ट्राच्या २०१० सालच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु कायद्याच्या भयाने नव्हे, तर लाजेने आमचा हात खाली यावा. रुग्णाबरोबर दोघे आत जावे, बाकीच्यांनी बाहेर थांबावे, आणि निघताना तिला एक गोड शब्द बोलावा.

दुसरी : तिच्या घरात भाकर व झोप पोहोचवावी. आपल्या मंडळीतील मुली परिचारिकेचे शिक्षण घेतात ह्याचा आम्हांस अभिमान आहे. मिरजेस डॉक्टर वॉन्लेस ह्यांनी घातलेल्या पायापासून डहाणूच्या ब्रदरन मिशनच्या दवाखान्यापर्यंत ही सेवा आमच्या मंडळ्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. पण तीच मुलगी रात्रपाळीहून आली की आपण तिला पाणी भरावयास धाडितो आणि ती उपासनेस आली नाही म्हणून कुजबुज करितो. रात्रपाळीनंतरची तिची झोप ही आळस नव्हे. नवऱ्याने चूल पेटवावी, सासूने मुले धरावी, शेजारणीने भाजी आणून द्यावी. देवदूताने ह्याहून मोठे काय केले होते?

तिसरी, आणि ही आमच्या उपदेशक बंधूंस : घाईने उपदेश करू नका. खचलेल्या भगिनीस "तुझा विश्वास कमी पडला" असे म्हणणे म्हणजे झुडपाखाली निजलेल्यास लाथ मारणे होय. तिला सैतान लागला असे तर कधीच म्हणू नका. प्रथम ऐका. तिचे बोलणे दुसऱ्याच्या कानी जाऊ देऊ नका. झोप व अन्न सुटले असेल, किंवा मरणाची भाषा निघत असेल, तर तिला एकटी सोडू नका. डॉक्टरांकडे आपण स्वतः बरोबर जा. सरकारची टेली-मानस नावाची सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट चालते, तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या दाराशी लिहून ठेवा. हाड मोडले असता आपण प्रार्थनाही करितो व पट्टीही बांधितो; मन मोडले असता केवळ एकच का करावे?

भगिनींनो, तुम्ही ज्या हे पत्र रात्रपाळीच्या मेजाशी किंवा घरी दिव्याजवळ वाचीत असाल, तुम्हांस थोडेच सांगावयाचे आहे. प्रभू येशूचे शिष्य येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत जेवावयासही मोकळे नव्हते, तेव्हा प्रभूनेच त्यांस एकांती नेऊन विसावा घ्यावयास सांगितले. गर्दी तेथेच होती, आजारी तेथेच होते. तरी त्याने विसावा सांगितला. म्हणून विसावा मागणे हे सेवेस पाठ दाखविणे नव्हे. सर्वांस वाचविणे तुमच्या हाती दिलेले नाही. जो गेला त्याच्याजवळ तुम्ही होता, तो एकटा गेला नाही, हेही काम आहे. आणि मनाचे ओझे असह्य झाले तर सोबतिणीस सांगा. होरेबानंतर देवाने एलीयास नवे सामर्थ्य दिले त्याआधी एक सोबती दाखवून दिला. अलीशा त्याचे नाव. एकट्याने चालू नये हाच त्या अध्यायाचा शेवट आहे.

येत्या रविवारी मंडळी जमेल तेव्हा आपल्या गावच्या व आपल्या रुग्णालयाच्या परिचारिकांची नावे घेऊन प्रार्थना करावी, आणि प्रार्थना आटोपल्यावर कोणाच्या घरी भाकर न्यावयाची हे तेथेच ठरवून मग उठावे.

हे दयाळू पित्या, जी रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी बसते तिच्या उशाशी तू बस. तिच्या डोळ्यांस झोप दे व तिच्या मनास धीर दे. आणि आमच्या हातांस तुझ्या दूताचे काम शिकीव. आमेन.