हाताआडचा उजेड

रात्रीची जेवणं आटोपली आहेत. पानसुपारी झाली, मुलं झोपली, तरी कुणाचा पाय निघत नाही. अशा वेळी एक मैत्रीण पर्समधून म्हैसूरहून आणलेलं कार्ड काढते आणि सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर ठेवते. खालची नावाची ओळ तिने अंगठ्याने झाकली आहे. "ओळखा बघू, कुणाचं?"

हातात दिवा घेतलेली बाई. दुसरा हात ज्योतीला आडोसा धरून आहे. चेहरा उजळलेला, मागे काळोख.

आमच्याकडे हे घडलं तेव्हा तिघांनी एका दमात "रविवर्मा" म्हटलं, आणि त्या तिघांत मी होते. उत्तर चुकलं, त्याचं वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की नाव उच्चारताच आमच्या सगळ्यांच्या नजरा चित्रावरून उठल्या होत्या. कोडं सुटलं असं वाटलं, आणि बघणं तिथेच थांबलं.

आज ते कार्ड माझ्याबरोबर पुन्हा खाली ठेवा. नाव ओठांवर आलं असेल तर तिथेच राहू द्या. घाई कसलीच नाही.

आधी काळोखाकडे बघा. आपण दिव्याचं चित्र म्हणतो आणि लगेच उजेडाकडे धावतो. पण कागदाचा मोठा भाग काळोखाने घेतला आहे. तो सपाट काळा नाही. कडेला दाट आहे, तिच्या जवळ येताना विरळ होत जातो, तिच्या खांद्यापाशी तर जवळजवळ ऊबदार होतो. नजर कडेपासून आत आणा, हळूहळू, जसं अंधाऱ्या माजघरात शिरल्यावर डोळे सरावतात.

मग तिच्या हातावर या आणि तिथेच थांबा.

ज्योत हाताच्या आड आहे. आपल्याला दिसतो तो तिचा उजेड, बोटांतून झिरपलेला. बोटांच्या कडा लालसर पेटल्या आहेत. हे खरं आहे की चित्रकाराची करामत, असा प्रश्न मनात आला तर आज दिवेलागणीला एक करा. निरांजन लावा, घरातले दिवे मालवा आणि ज्योतीपुढे तळहात धरा, भाजणार नाही इतक्या अंतरावर. मांसातून मुख्यतः तांबडा उजेड पार होतो, कारण बाकीचे रंग रक्त बरेचसे शोषून घेतं. बोटांची जुळणी जिथे सैल आहे तिथे पिवळी रेघ उमटते. मधला भाग मात्र काळसर राहतो. एवढं सगळं त्या हातात आहे. कुणीतरी असाच एक हात बराच वेळ, फार जवळून बघितला होता.

आणि तो हात आपल्या ओळखीचा आहे. स्वयंपाकघरातून तुळशीपर्यंत निरांजन नेताना वारा आला की तळवा आपोआप पुढे होतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. आईला तसं करताना बघितलेलं असतं, तिने तिच्या आईला. चाल थोडी मंदावते, मान किंचित वाकते, श्वासही जपून सोडला जातो. तुमच्या घरात हे कोण करायचं? तो चेहरा आठवा. तो पूर्ण डोळ्यांसमोर येईपर्यंत पुढचं वाचू नका.

आता चित्राच्या माध्यमाबद्दल थोडं. आम्ही सगळे हे तैलचित्र धरून चाललो होतो. हे जलरंगातलं आहे, कागदावरचं.

तैलरंगात अंधार आधी रंगवून उजेड शेवटी वरून ठेवता येतो, चुकलं तर खरवडता येतं, झाकता येतं. पारदर्शक जलरंगाची रीत उलटी. तिथे पांढरा म्हणजे कागद स्वतः. चित्रातली सगळ्यांत उजळ जागा कुठली, हे पहिला फटकारा मारण्याआधी ठरवावं लागतं आणि शेवटपर्यंत ती राखावी लागते. भोवताली एकावर एक पातळ थर चढत जातात, आधीचा वाळू द्यावा लागतो, अंधार थरांनी गहिरा होतो. ओला कुंचला एकदा जरी भलत्या जागी टेकला, तरी तिथला उजेड गेला. चित्रातली बाई ज्योतीला हाताचा आडोसा धरून आहे, आणि चित्रकारही कागदावरच्या उजेडाला तसाच जपत बसलेला आहे. हे लक्षात आलं त्या रात्री मी कार्ड हातात घेऊन बराच वेळ गप्प होते.

रविवर्मा हे नाव आपल्या तोंडी इतक्या पटकन का येतं, तेही मनात घोळवून बघा. १८९४ साली त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत, दुकानांत, देवघरांत पोचल्या. नऊवारी नेसलेली, मांसल, जिवंत वाटणारी बाई चित्रात दिसली की मराठी मन त्याच नावाकडे वळतं. शिवाय हे चित्र आहे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या जयचामराजेंद्र आर्ट गॅलरीत, आणि तिथे रविवर्म्यांची खरीखुरी चित्रंही आहेत. ती बघत बघत माणूस या चित्राशी येतो, तेव्हा नाव सोबतच आलेलं असतं. त्यात रविवर्म्यांचा काही दोष नाही. ते १९०६ साली गेले. हे चित्र १९४५-४६ सालचं, म्हणजे मध्ये चाळीस वर्षं उलटलेली.

आता अंगठा उचला.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचा. लाकडी खेळण्यांच्या आणि चितारआळीच्या त्या गावातून मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांत ते होते. १९६८ साली ते गेले. दिव्याचं हे चित्र काढताना साठी उलटून गेली होती. त्या वयात डोळे आणि हात एवढे जपून चालवणं काय असेल, याचा विचार करा. शिकाऊ उमेदवारीचं हे काम नाही.

दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी, गीता.

हे कळल्यावर चित्र बदलतं. रेघ तीच, रंग तोच, पण आता समोर एक बाप बसला आहे आणि मुलगी उभी आहे. मुलीचा हात भरून येत असेल. "झालं का हो, बाबा?" असं तिने विचारलं असेल की नाही, कोण जाणे, पण घरात मुलीने दिवा धरून उभं राहायचं म्हटलं की हे वाक्य मला ऐकू येतंच. गीताबाई पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ साली, शंभरी ओलांडून, तिथेच गेल्या. चित्रातली बाई आपल्याच काळात, आपल्याच एका गावात म्हातारी होत होती, आणि आपण तिला रविवर्म्यांची कुणी पौराणिक नायिका समजत होतो. श्रेय हुकलं एवढ्यावर हे थांबत नाही. चुकीच्या नावाने एका बापाची नजर पुसली गेली आणि एका मुलीचं नाव गेलं. म्हणून मला हे नाव मोठ्याने घ्यावंसं वाटतं. कुणी हे चित्र दाखवलं की मी आता घेते.

पण नाव घेऊन झालं की पुन्हा चित्राकडे या. बरोबर नावही नजर उठवू शकतं.

पापण्यांकडे बघा. बोटांकडे बघा. चेहऱ्याच्या ज्या बाजूला उजेड कमी पोचतो, त्या गालाकडे बघा. तिथे काळोख आणि कातडी यांची सीमा नेमकी कुठे आहे, ते शोधा. मला अजून सापडलेली नाही.

त्या रात्री आमच्यातला एकजण, जो एरवी चित्रांच्या वाटेला जात नाही आणि ज्याने नाव ओळखायचा प्रयत्नही केला नव्हता, कार्ड दिव्याखाली धरून म्हणाला, "ही निघालीय कुठे?" कुणी उत्तर दिलं नाही. मैत्रिणीने कार्ड परत मागितलं नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं, आणि ज्याच्या हातात जाई तो ते थोडं जपून धरी.