मजुरी, गुन्हा आणि चाकरमान्यांचा जिल्हा

एखाद्या भागातील गुन्हेगारी आणि तेथील मजुरी यांचे नाते दोन्ही दिशांनी चालते. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, गुन्ह्याकडे वळणारा माणूस पकडले जाण्याची शक्यता आणि होणारी शिक्षा यांबरोबरच सरळ कामातून मिळणारे उत्पन्नही तोलून पाहतो. गुन्ह्यापायी सोडाव्या लागणाऱ्या या उत्पन्नाला ‘संधी खर्च’ म्हणतात आणि मजुरी घसरली की तोही घसरतो. उलट दिशेने पाहता, काम जितके अप्रिय तितका त्याचा मोबदला चढा असावा लागतो, हे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये सांगितले होते. जिवाला किंवा मालाला धोका असलेल्या ठिकाणी मजुराला जास्त पैसे द्यावे लागतात, हा त्याच तर्काचा विस्तार होय.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील नांदगावच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गापासून देवगडचा रस्ता फुटतो आणि या दोन्ही रस्त्यांवर हा तर्क पडताळता येतो. गोव्यात मद्यावरील कर कमी असल्याने ‘गोवा बनावटीची दारू’ चोरून महाराष्ट्रात आणली जाते आणि तिची खेप नेणाऱ्याच्या मोबदल्यात पकडले जाण्याच्या धोक्याची किंमत मिसळलेली असते. देवगडकडच्या हापूस बागांत फळांच्या चोरीच्या भीतीने राखणीला गुरखे ठेवावे लागतात, तेव्हा गुन्ह्याचा, किंबहुना त्याच्या नुसत्या शक्यतेचा, खर्च बागायतदाराच्या हिशेबात मजुरी म्हणूनच चढतो.

परंतु सिंधुदुर्गाला हा तर्क लावताना खरी अडचण निराळी आहे, कारण येथील कित्येक घरांची मजुरी पिढ्यान्‌पिढ्या चाकरमान्यांनी, म्हणजे नोकरीसाठी बाहेरगावी राहणाऱ्यांनी, मुंबईत मिळवली आणि ती मनीऑर्डरने गावी आली. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख कापड गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा एकच मजुरी दोन ठिकाणी थांबली. जे कामगार कोकणात परतले त्यांना भातशेती, घर आणि भावकी यांचा तुटपुंजा का होईना आधार होता. गिरणगावच्या, म्हणजे मुंबईतील गिरण्यांच्या वस्तीच्या, चाळींत राहिलेल्या तरुणांना तो नव्हता, आणि त्यांतील काही जण गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती लागले. बहुसंख्य कुटुंबांनी मात्र भाजी विकून, खानावळी चालवून, मिळेल ती नोकरी धरून प्रामाणिकपणेच दिवस काढले, आणि हे न सांगता त्या काळाबद्दल लिहिणे अन्यायाचे ठरेल. तेव्हा केवळ मजुरी घटणे हे गुन्ह्याचे पुरेसे कारण नव्हे. ती घटल्यावर माणसाच्या पाठीशी दुसरे काय उरते, हेही तितकेच निर्णायक असते. शिवाय कमाईचे वय असलेली माणसे बाहेरगावी असलेल्या जिल्ह्यात गुन्ह्यांची नोंद कमी दिसली, तरी ती तेथील मजुरी पुरेशी असल्याची खूण मानता येत नाही.

मजुरीच्या दराइतकीच तिची खात्री महत्त्वाची असते. गिरण्यांतील ‘बदली’ कामगाराला, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्याच दिवशी काम मिळणाऱ्याला, दिवसाचा दर मिळे, महिन्याची शाश्वती मिळत नसे. आज मालवण किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि आंब्याचे कामही पावसापूर्वी संपते. म्हणून या भागातील मजुरीचा अंदाज रोजाच्या दरावरून बांधणे चुकीचे आहे, तो वर्षभरात हाताला लागलेल्या कामाच्या दिवसांवरूनच बांधला पाहिजे.