शपथ घालू नका

भर मे महिन्यात मुलगी पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून घरात वावरते. कपडे धुवायला टाकताना एका बाहीच्या आतल्या बाजूला आईला रक्ताचा डाग दिसतो आणि काळजात धस्स होतं. मग रडारड, वडिलांचा चढलेला आवाज, आणि शेवटी हमखास येणारं वाक्य : "तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, पुन्हा असं करणार नाहीस." मुलगी मान डोलावते. घराला वाटतं, मिटलं.

शपथ मायेपोटीच घातलेली असते. पण तिने दुःख हलकं होत नाही, फक्त ते लपवण्याची गरज वाढते. पुन्हा तसं घडलं, तर मूळच्या त्रासावर आईला फसवल्याचं ओझंही चढतं. मग मुलगी आईकडे येईल कशी?

स्वतःला इजा करणारा मुलगा किंवा मुलगी नाटक करत नसते. राग, अपराधीपणा, घुसमट किंवा काहीच न जाणवणारं बधिरपण असह्य होतं आणि त्या घटकेला दुसरा मार्ग सुचत नाही. त्यामागे मरणाची इच्छा असेलच असं नाही. तरीही अशा व्यक्तींमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. म्हणून 'वय आहे, जाईल' म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे.

मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच माणसांसाठी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' ही उपचारपद्धती घडवली. आपणही किशोरवयात स्वतःला इजा करून घेत होतो आणि त्यासाठी रुग्णालयात राहिलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या पद्धतीत 'तुझा त्रास खरा आहे' हे मान्य करणं आणि तो पेलण्याच्या वेगळ्या रीती शिकवणं, ही दोन्ही कामं हातात हात घालून चालतात. आपल्या घरांत पहिलं काम राहूनच जातं.

घराला ते जमण्यासारखं आहे. आरडाओरडा न करता जखमेकडे बघावं, गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यावं. "का केलंस?" याऐवजी "किती दिवस एकटीच सोसत होतीस गं?" असं विचारावं आणि मग गप्प बसून ऐकावं. "पुन्हा तसं वाटलं, तर रात्री दोन वाजताही मला उठव," हे वाक्य कुठल्याही शपथेपेक्षा उपयोगाचं. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. मरणाची भाषा ऐकू आली, तर मात्र क्षणभरही एकटं सोडू नये. थेट रुग्णालयात न्यावं किंवा ११२ ला फोन करावा.

आणि आईवडिलांचं काय? नातेवाइकांत कळायला नको, उद्या लग्न जमताना अडचण नको, पोलिसांचं लचांड नको, या धास्तीने ते तोंड मिटून बसतात. कायद्याची धास्ती तरी सोडावी. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असंच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो. तिला शिक्षा न करता तिची काळजी घेण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते. मराठीतही बोलता येतं. फोन मुलीनेच करायला हवा असं नाही. "माझ्या मुलीबद्दल बोलायचंय, मला काही सुचत नाहीये," एवढं आईने म्हटलं तरी पुरतं. ज्या घरात आईवडिलांनाही कुणाशी मोकळं बोलता येतं, तिथे मुलांनाही बोलायला धीर येतो.

हे वाचताना एखादं नाव मनात आलं असेल, तर आज त्या माणसाला भेटा, निवांत विचारपूस करा. आणि ते नाव तुमचंच असेल, तर आजच एका विश्वासाच्या माणसाला सांगा, किंवा १४४१६ फिरवा. मदत मागण्यात कमीपणा नाही.