वडप्याचा रस्ता आणि आगरदांड्याची खाडी

शनिवारीं पहांटे नाशिक सोडून आम्ही सहकुटुंब मुरूड-दिवेआगरच्या किनाऱ्याकडे निघालों होतों. गोंद्यापासून वडप्यापर्यंतचा सुमारें शंभर किलोमीटरांचा मार्ग मोटारीनें लीलेनें आक्रमिला. परंतु भिवंडी तालुक्यांतील ह्या वडप्यास पोंचतांच मालमोटारींच्या रांगेंत जे अडकलों ते तासभर जागचे हललों नाहीं. ज्या भूमींत भात पिकत असे तेथें आतां गुदामांचीं लांबच लांब छपरें पसरलीं आहेत. त्यांत ५ जून २०२५ रोजीं पूर्णपणें खुला झालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्गहि जवळच आमण्यास येऊन थांबतो. रस्ता रुंद करण्यासाठीं चाललेली खोदाई दिसत होती. ती इतकी सावकाश कां, म्हणून आम्ही चरफडलों. त्या रुंदींत कोणाचें शेत गेलें, कोणाचें अंगण गेलें, हा प्रश्न आमच्या मनास शिवलाहि नाहीं.

त्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आगरदांड्याच्या धक्क्यावर आम्ही दिघीला जाणाऱ्या फेरीबोटींत मोटार चढविली. जंजिरा मागें राहिला होता. राजपुरीच्या खाडीचें पाणी, पलीकडील डोंगर, वाऱ्याबरोबर येणारा सुकटीचा वास (मुलांनीं नाकाला रुमाल लावले, तो भाग वेगळा), हें सारें इतकें रम्य वाटलें कीं, 'येथें पूल न होवो!' असे उद्गार आमच्या मुखांतून निघाले. रेवस ते रेडी ह्या सागरी महामार्गाच्या योजनेंत ह्या खाडीवर पूल आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. शेजारीं टोपली घेऊन बसलेली एक कोळीण म्हणाली, "साहेब, रात्री बोट बंद झाल्यावर बाळंतिणीला काय पोहत न्यायची?" आम्ही निरुत्तर झालों.

कांटनें १७९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसेंत असें प्रतिपादिलें आहे कीं, सौंदर्याचा खरा आनंद निरिच्छ असतो. एखादा राजवाडा सुंदर आहे काय असें विचारलें असतां, तो बांधण्यांत प्रजेचा घाम गेला, हें उत्तर अप्रस्तुत होय. वर्गांत हा भाग आम्ही वर्षानुवर्षें निःशंकपणें शिकविला. केवळ पाहण्यापुरतें तें खरेंहि असेल. पण 'पूल न होवो' हें वाक्य सौंदर्याविषयींचें नव्हेच. तो इच्छेचा उच्चार आहे, आणि तिची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची आहे. वडप्यास आम्हांस वेग हवा होता, आगरदांड्यास संथपणा. दोन्हीं ठिकाणीं नियम एकच, आमची सोय.

यावर कोणी म्हणेल, मग पूल व्हावा हेंच न्याय्य. तें इतकें सोपें नाहीं. पुलामागून जमिनीचे दलाल येतील, किनाऱ्यावर हॉटेलें उठतील, आणि त्या कोळिणीच्या नातवाला मासळी वाळविण्यास जागा उरेल कीं नाहीं, कोण सांगणार? वडप्याचें भात असेंच गेलें. खाडीच्या शांततेलाहि खरें मोल आहे. तें केवळ पाहुण्यांचें चोचलें नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा हिशेब मांडतांना आमचें मत सर्वांच्या शेवटीं घ्यावें. कारण सोमवारीं आम्हांस कॉलेजांत हजर व्हावयाचें असतें, आणि त्या बाईला त्याच धक्क्यावर.

रविवारीं रात्रीं परततांना वडप्यास पुनः रांग लागली. दोन गुदामांमध्यें कापणी झालेल्या भाताचा एक चिंचोळा तुकडा शिल्लक होता. त्याच्या कडेच्या घरीं ओटीवर दिव्याखालीं एक म्हातारा रस्त्याकडे पाठ करून बसला होता. "बाबा, ते आजोबा इकडे तोंड करून कां बसत नाहींत?" आमच्या धाकटीनें विचारलें. तेवढ्यांत पुढची मालमोटार हलली, आणि आम्ही गाडी सुरू केली.