श्रावणबाळाची कावड

म्हाताऱ्या आईबापांना कोणी सांभाळावं, मुलांनी की सरकारनं, या विषयावर माझी मतं फार ठाम आहेत. मी पुण्याला राहतो आणि माझी माय वर्धा जिल्ह्यात, अल्लीपूरला, थोरल्या भावाकडे असते. ठाम मतं बाळगायला एवढं अंतर पुरेसं होतं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो. माय दोन वर्षं लकव्यानं अंथरुणावर आहे. तिच्याजवळ दहा मिनिटं बसलो, "कशी आहेस?" असं तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा विचारायचा धीर न झाल्यामुळे पारावर गेलो. तिथे भाऊ धरून सगळी मंडळी होतीच. कापसाला भाव सरकारनं द्यावा, पांदण रस्ता सरकारनं करावा, रानडुकरांनी पीक खाल्लं तर भरपाई सरकारनं द्यावी, इथवर एकमत होतं. मी म्हटलं, "आणि म्हातारी माणसं?"

सगळे ताठ बसले. "मायबापाले काय सरकारनं पोसा लागते? मंग आपण काहून जन्मलो?" असं छाती ठोकून म्हणणाऱ्या गृहस्थांचे वडील घरी खाटेवर होते, आणि हे सकाळपासून पारावर. या घटकेला वडिलांना पाणी कोण देत असेल, असं विचारणार होतो. पण माझ्या मायला कोण देत असेल, हे त्यापाठोपाठ सुचलं, म्हणून गप्प बसलो.

सरकारही काही कमी बेरकी नाही. पासष्टीपुढच्या निराधारांना महिना १५०० रुपये देणाऱ्या योजनेला त्यानं नाव दिलंय 'श्रावणबाळ'. म्हणजे पैसा सरकारचा आणि नाव मुलाचं! "पण हा श्रावणबाळ काही येत नाही ना भाऊ," पारावरचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारीलेच कावडीत बसवून त्याच्याकडे न्या लागते."

मुलगा श्रावणबाळ व्हायला तयार नसेल, तर त्याच्यासाठी २००७ चा कायदा आहे. आईबापांना निर्वाहभत्ता द्यायचा. वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. लातूर जिल्हा परिषदेनं तर २०२० साली, आईबापांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापायचा ठराव केला. लग्न झालेली मुलगीही सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच सांगून ठेवलंय. पण २००७ च्या कायद्याची 'अपत्यं' कोण? मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही! जी रोज चादर बदलते ती कायद्याच्या गावीच नाही. २०१९ च्या एका विधेयकात सून आणि जावई दोघांनाही घातलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. झालं ते बरंच म्हणायचं. नाहीतर काम तिचं होतंच, वर तुरुंगही तिच्याच वाट्याला आला असता.

हे सगळं ज्ञान घेऊन मी घरी परतलो, तर सरकार दारात उभं! म्हणजे गावच्या आशाताई. त्यांनी मायचं ब्लडप्रेशर पाहिलं, वहीत लिहिलं. मी म्हटलं, "बसा, चहा घ्या."

"नाही जी, घरी सासू एकटी पडून हाय. तिले जेवू घालाचं हाय."

मी दारातच उभा राहिलो. घराकडे पाहावं तर सून, आणि सरकारकडे पाहावं तर तीही कुणाची तरी सून! सरकार तिला स्वयंसेविका समजतं, म्हणून पगार न देता मोबदला देतं. घर तिला लक्ष्मी समजतं, म्हणून तेवढाही देत नाही. मी दरमहा मनीऑर्डरीसारखे पैसे पाठवतो, ते भावाच्या खात्यात. वहिनीचं खातं आहे की नाही, हे मला आजतागायत माहीत नव्हतं.

आत वहिनी एकट्याच मायची कूस बदलत होत्या. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं? हे घरच्यांनी करावं की सरकारनं?"

"थे मंग पाहू भाऊजी," त्या म्हणाल्या, "आधी तिकून चादर धरा."

मी धरली. उलटी धरली होती, असं माय हसली तेव्हा कळलं.