वळशाचा न्याय

एकाची सोय व्हावी म्हणून दुसऱ्याची गैरसोय बुद्ध्या करावी काय? प्रश्न नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला वाटतो. परंतु आमच्यापुढें तो उभा राहिला तो ग्रोनिंगेन शहरांत, सायकलीवर बसलों असतां. ब्रेमेनकडून पश्चिमेस चाललेल्या आमच्या दीर्घ प्रवासांत, नेदरलंड्सच्या ईशान्य कोपऱ्यांतील हें विद्यापीठाचें शहर लागलें. एरवीं कोणत्याही मोठ्या शहरांत शिरतांना, ओझ्यानें लादलेली सायकल सांभाळीत, मागून येणाऱ्या मोटारीची जणूं क्षमा मागत आम्ही पुढें सरकत असूं. येथें तसें करण्याचें कारणच पडलें नाहीं.

याचें श्रेय तेथील लोकांच्या सौजन्यास देणें सोपें आहे. खरें श्रेय एका योजनेचें आहे. १९७७ च्या सप्टेंबरांत तेथील नगरपालिकेनें शहराच्या मध्यभागाचे चार विभाग पाडले. मोटारीस एका विभागांतून शेजारच्या विभागांत सरळ जाण्याची मुभा उरली नाहीं. बाहेरच्या रस्त्यावर जाऊन, वळसा घालूनच यावें लागे. सायकलस्वार व पादचारी मात्र सरळ जात. मोटारीनें शहरांत येऊंच नये, असें कोणी म्हटलें नाहीं. वळसा कोणीं घालावा, एवढेंच ठरविलें. मॅक्स व्हान डेन बर्ग हा तरुण नगरकारभारी या योजनेचा पुरस्कर्ता होता. दुकानदारांनीं तिला कडाडून विरोध केला.

त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. ज्याचें पोट गिऱ्हाइकावर, त्याच्या दारापुढचा रस्ता दुसऱ्यानें कां वळवावा? पण या आक्षेपाच्या मुळाशीं एक गृहीत आहे. रस्ता सर्वांस सारखा मोकळा ठेवला म्हणजे तो निःपक्षपाती झाला, असें आपण समजतों. मोटार आणि आठ वर्षांचें मूल यांना एकच रस्ता मोकळा ठेवला, तर वाट कोण सोडील हें सांगावयास ज्योतिषी नको. १९७१ सालीं नेदरलंड्समध्यें रस्त्यांवरील अपघातांत ३,००० हून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. म्हणजे वळसा पूर्वींही होताच. तो मुलांच्या आणि त्यांच्या आयांच्या वांट्यास होता, इतकेंच. आमच्या पुण्यास एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. तेथें सायकलीस कोणीं हांकून दिलें नाहीं. तिच्यासाठीं मोटारीची गैरसोय करण्याचें धैर्य मात्र कोणास झालें नाहीं.

असें असलें तरी ग्रोनिंगेनचे सायकलस्वार संत आहेत, असा वाचकांनीं समज करून घेऊं नये. बळ हातीं आलें कीं सायकलही मोटारीसारखी वागूं लागते. सकाळच्या वेळीं विद्यार्थ्यांचा लोंढा भरधांव चौकांत येतो, तेव्हां पायीं चालणाऱ्यानें कडेस उभें राहावयाचें असतें. काठी टेकीत आलेला एक वृद्ध असा बराच वेळ थांबलेला आम्हीं पाहिला. त्याच्या गुडघ्यांस सायकल झेपणारी नव्हती. मोटारीनें यावें तर वळसा ठरलेला. तो बोलला कांहीं नाहीं. परंतु दुकानदारांच्या तक्रारीहून त्याची न बोललेली तक्रार आम्हांस अधिक वजनदार वाटते.