हा तो नव्हे

सुपरहिरोंच्या फिगर जमवणारी माणसं एकत्र जमली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हा तो नव्हे." हातात नवी कोरी फिगर असते. लाल केप, निळा पोशाख, छातीवरचा तो ओळखीचा ‘एस’, सगळं जागच्या जागी असतं, आणि तरी बघणारा मान हलवतो. माझा भाचा तर खोका उघडायच्याही आधी, पारदर्शक खिडकीतूनच सांगतो, "मामा, चेहरा बघ ना ह्याचा. हा भलताच कुणीतरी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शिवाजी महाराजांचा पुतळा चुकला असं कुणी म्हटलं तर ते समजतं. महाराज होऊन गेले, त्यांच्या काळाच्या जवळची चित्रं आहेत, ताडून बघता येतं. सुपरमॅन मात्र कधी नव्हताच. जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरुणांच्या कल्पनेतून तो निघाला आणि 1938 साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापला गेला. जो जन्मालाच आला नाही त्याची प्रतिमा खोटी ठरते ती कशाशी ताडून? हाच प्रश्न आपल्या मूर्तींनाही लागू पडतो. विष्णूला कुणी पाहिलेलं नाही, तरी चुकलेली विष्णुमूर्ती जाणकाराला दुरून कळते. म्हणून मी हा प्रश्न पोरखेळ समजत नाही.

माझं आयुष्य प्लास्टिकचे साचे करण्यात गेलं. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूमला होतो. बाटल्यांची झाकणं, स्विचची घरं, गाडीच्या आतले बारीकसारीक भाग, ह्या सगळ्यांच्या डाय मी केल्या. त्यामुळे फिगर हातात आली की माझी नजर आधी साच्याच्या खुणांवर जाते. साच्याची दोन अर्धुकं जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन मांडीच्या बाहेरून गेली आहे की आतून लपवली आहे? वितळलेलं प्लास्टिक जिथून आत शिरलं त्या गेटची खूण तळपायाखाली आहे की पोटरीवर? बोटांच्या बेचक्यात फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ कड, राहिली आहे का? छाती जाड असेल तर थंड होताना पृष्ठभाग आत ओढला जातो आणि खळगा पडतो, तो पडला आहे का? गुडघ्याची खीळ कडक प्लास्टिकची आहे की नुसत्या मऊ पीव्हीसीची, जी काही महिन्यांत सैल होऊन नायकाला गुडघ्यावर आणेल? ही कारागिरी प्रामाणिक असलीच पाहिजे. जो कारखाना मुलाच्या हातात धारदार फ्लॅश देतो त्याला मी माफ करत नाही.

पण ह्या सगळ्या कसोट्यांना उतरलेली फिगरसुद्धा "हा तो नव्हे" ह्या एका वाक्यापुढे हरते. साचा निर्दोष, रंग निर्दोष, आणि माणूस दुसराच. म्हणजे दोष साच्याच्या अलीकडे आहे, ज्याने घडवलं त्याच्या समजुतीत आहे.

आपल्याकडे ह्याचा विचार फार पूर्वी झाला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमांची मापं दिलेली आहेत. राम आणि बळी ह्यांच्या प्रतिमा 120 अंगुलांच्या, त्याखालोखाल उत्तम 108, मध्यम 96 आणि कनिष्ठ 84. हे अंगुल म्हणजे ठरावीक लांबी नव्हे. ते त्या त्या मूर्तीचंच माप असतं, म्हणून वीतभर मूर्ती असो की पुरुषभर, प्रमाण तेच राहतं. देव माणसापेक्षा उंच दिसतो तो आकारामुळे नाही, चेहऱ्याशी असलेल्या शरीराच्या प्रमाणामुळे. अमेरिकेत स्टॅन ली आणि जॉन बुसेमा ह्यांनी 1978 साली कॉमिक्स कसं काढावं ह्यावर एक पुस्तक केलं, त्यातही हाच विचार आहे: साध्या माणसापेक्षा नायक जास्त डोक्यांचा, जवळजवळ पावणेनऊ डोक्यांचा काढायचा. बुसेमाने वराहमिहिर वाचला असण्याचं काही कारण नाही. पण माणसाहून मोठं काही माणसाच्याच आकारात दाखवायचं झालं की दोन्हीकडचा हात एकाच वाटेने गेला, ह्याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

डीसी कॉमिक्सने 1982 साली एक स्टाइल गाइड तयार केलं. होजे लुईस गार्सिया लोपेझ ह्या चित्रकाराने त्यात प्रत्येक नायक समोरून, बाजूने, पाठीमागून काढून दिला. बूट कुठे संपतो, केप खांद्याला कशी अडकते, हे सगळं ठरवून टाकलं, म्हणजे जगात कुठेही डबा, दप्तर किंवा खेळणं बनवणाऱ्याला विचारत बसायला नको. मूर्तिकाराला ध्यानश्लोक जे काम करून देतो तेच हे काम. केनरची ‘सुपर पॉवर्स’ मालिका 1984 साली आली तेव्हा तिच्या खोक्यांवर ह्याच चित्रांचा ठसा होता. त्यातल्या सुपरमॅनचे पाय दाबले की हात गुद्दा मारतात. सांधे मोजकेच, रंग मोजकेच, पण ती फिगर आजही कुणापुढे ठेवा, ती नाकारली जात नाही.

मग माप पाळलं की झालं का? नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेयांकडे मूर्ती घडवायची विद्या मागतो. ऋषी म्हणतात, त्याआधी चित्रकला यायला हवी. चित्र यायला नृत्य हवं, नृत्याला वाद्य हवं आणि वाद्याला गायन. आमच्या टूलरूममध्ये कुणी असा अभ्यासक्रम सांगितला असता तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण फिगर हाताळता हाताळता मला ते पटत गेलं. माप शरीर देतं. त्या शरीरात कोण आहे हे उभं राहण्यावरून कळतं, आणि उभं राहणं ही नृत्याची गोष्ट आहे.

ह्याची माझी आवडती परीक्षा सांगतो. सुपरमॅनची फिगर घ्या आणि तिचे दोन्ही हात कमरेवर ठेवा. साधं वाटतं, पण बहुतेक फिगर इथेच नापास होतात. कोपर काटकोनाच्या थोडं पुढे वाकायला लागतं, आणि दंड फुगवून ठेवलेला असेल तर तो कोपराला अडतो. दंडाला आतल्या बाजूला वळायची सोय हवी. मनगट वरखाली दुमडायला हवं. ते नुसतंच गोल फिरत असेल तर हात कमरेपासून सुटा, हवेत राहतो. आणि पंजा हवा वेगळा. गुद्दा मारायला वळलेली मूठ कमरेवर बसत नाही, नुसती टेकल्यासारखी दिसते. म्हणून विचार करणारे लोक खोक्यात सैल पंज्यांची जादा जोडी देतात. जिथे सगळ्या मुठीच मिळतात तिथे मला कळून चुकतं की घडवणाऱ्याला हा नायक फक्त मारामारी करणारा वाटला. त्याला पोशाख माहीत आहे, माणूस माहीत नाही. सुपरमॅनचं सारं बळ ते न वापरण्यात आहे. तो येऊन उभा राहिला की समोरच्याने हत्यार खाली ठेवावं, असा तो आहे. त्याच्या दातओठ खाणाऱ्या, डोळे लाल केलेल्या फिगर हल्ली बऱ्याच निघतात. त्या रंगकामात सरस असतात आणि तरी मला खोट्या वाटतात.

कमरेवर हात म्हटलं की मराठी माणसाला दुसरं कुणी आठवणारच. मला दोघांची बरोबरी करायची नाही, फरक बघायचा आहे. पंढरपूरच्या विठोबाचे पाय जुळलेले, भार दोन्ही पायांवर सारखा, शरीर सरळ, कुठे मुरड नाही. शिल्पाच्या भाषेत समभंग. तो कुठून आलेला नाही आणि कुठे निघालेला नाही. सुपरमॅनचे पाय फाकलेले, छाती पुढे, कोपरं बाहेर. तो नुकताच उतरलेला आहे आणि काम झालं की जाणार आहे. हात तेच, जागा तीच, आणि भाव मात्र एक वाट बघण्याचा आणि दुसरा पहारा देण्याचा. पायांतलं अंतर बदललं की सगळं बदलतं. एवढ्याशा अंतरावर कोण आहे ते ठरत असेल, तर फिगर घडवणाऱ्याने तेवढं तरी मन लावून करावं अशी अपेक्षा धरणं चूक नाही.

डोळ्यांचंही तसंच. पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांच्या हाती देत नाहीत, ती कसलेल्या हाताकडे जाते. सहा इंची फिगरचा डोळा छापतात, आणि छपाई केसभर सरकली तरी नजर भलतीकडे जाते. दुकानात एकाच फिगरचे चार खोके असतील तर चारही खाली उतरवून डोळे बघावेत. दुकानदार कंटाळला तरी बघावेत.

एक अडचण मी साच्यांच्या धंद्यातला म्हणून मांडतो. पोलादी साचा महाग असतो. म्हणून कंपन्या एकच धड अनेक नायकांना वापरतात, वर नवं डोकं आणि नवे रंग. मेगो कंपनीने 1972 साली आठ इंची नायकांची मालिका काढली तेव्हाही बरेचसे नायक एकाच अंगकाठीचे होते, वर कापडी पोशाख चढवलेले. हिशोब मला कळतो. पण स्पायडरमॅन हा अंगाने बारका पोरगा आहे, त्याच्या पायांत कोळ्याचा दबा हवा, आणि त्याला दुसऱ्या कुणाचं पहिलवानी धड दिलं तर तो मेलाच. इथे मी कंपनीची बाजू घेणार नाही.

माझे एक ज्येष्ठ स्नेही वेदान्त वाचतात. ते म्हणतात, शेवटी प्लास्टिकच ना? छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं. आकार म्हणजे नुसतं नाव. मला हे मान्य आहे, आणि माझ्याइतकं ते कुणाला मान्य असेल? हॉपरमध्ये ओतलेले दाणे बादलीचे की बॅटमॅनचे, हे दाण्यांना माहीत नसतं हे मी रोज बघितलं आहे. पण उद्दालकाला मुलाला सत्यापर्यंत न्यायचं होतं. कुंभाराला वाकडा घडा खपवायची मुभा तो देत नव्हता. द्रव्य एकच आहे म्हणूनच घडवणाऱ्याची जबाबदारी वाढते. सगळा फरक त्यानेच आणलेला असतो.

आता देवघराकडे येतो, कारण आईने हे विचारलं होतं. "तू ह्यांच्यात इतकं बघतोस, मग आपल्या टाकांत का नाही बघत?" आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानाने आणि पुसण्याने घोड्याचं तोंड गेलं आहे, देवाचे डोळे गेले आहेत. त्या टाकाचं प्रमाण चुकलं असं मनातसुद्धा येत नाही. शेंदूर फासलेल्या तांदळ्याला तर चेहराच नसतो. ह्यात मला विसंगती दिसत नाही. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्तीचं माप बघतात, खोड काढतात, नापसंतही करतात. त्यानंतर आपण तिच्यापुढे उभे असतो आणि पारख आपली होते. फिगरच्या वाट्याला ती घडी कधीच येत नाही. ती कपाटात कितीही वर्षं राहिली तरी आपल्या नजरेखालीच राहते, आणि तिथेच तिने राहावं. जो तिच्यापुढे नमतो आणि जो तिला निव्वळ वस्तू समजून खोक्यासकट भाव वाढायची वाट बघतो, ते दोघेही तिच्याकडे बघत नाहीत असं माझं मत आहे.

बघण्यावरून अमेरिकेत खटलाच झाला होता. तिथे आयात करात भेद होता: माणसाची प्रतिमा ती बाहुली, तिच्यावर 12 टक्के, माणूस नसलेल्या प्राण्याची प्रतिमा ते खेळणं, त्यावर 6.8 टक्के. टॉय बिझ कंपनीने म्हटलं, आमचे एक्स-मेन माणसं नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या न्यायाधीश ज्युडिथ बार्झिले ह्यांनी फिगर बारकाईने तपासल्या आणि 2003 च्या जानेवारीत कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वुल्व्हरिनला नखं आहेत, तो माणूस नव्हे. कराचा कायदा शरीर बघतो, त्याने तेच बघावं, त्यात गैर नाही. पण 1963 पासून एक्स-मेनच्या गोष्टी एकच सांगत आल्या आहेत: शरीर वेगळं असलं म्हणून आम्ही माणसातून उठत नाही. ज्यांनी त्या वाचल्या होत्या त्यांना तो निकाल मनाला लागला. शरीरावरून केलेली पारख आणि गोष्टीवरून केलेली पारख इथे समोरासमोर आल्या, आणि माझ्या लेखी गोष्टीची पारख खरी.

माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे. जो नव्हता त्याचंही एक मूळ असतं, आणि ते त्याच्या गोष्टीत असतं: त्याने कुणाला वाचवलं, कशाला नकार दिला, हातात बळ असताना काय केलं नाही. प्रतिमा त्या वागण्याशी ताडायची असते. गोष्ट ठाऊक असलेला दहा वर्षांचा मुलगा म्हणूनच "हा तो नव्हे" म्हणू शकतो, आणि त्याचं म्हणणं ऐकावं.

नव्याने जमवायला लागणाऱ्यांना माझी विनंती आहे. फिगरवर पैसे घालण्याआधी त्या नायकाचे दोनचार जुने अंक मिळवून वाचा. मग दुकानात जा, डोळे बघा, सांधे बघा, दुकानदार हातात घेऊ देत असेल तर तिचे हात कमरेवर ठेवून बघा. वाचलेला माणूस तिच्यात दिसला तर घ्या, आणि घरी आणल्यावर खोक्यातून बाहेर काढा.